डोमा पोस्टमनचा कागद

भाऊ, कागद आला. काल दुपारी टेम्पोतून उतरवला, मशीनच्या बाजूला फळ्यांवर रचला आणि वरून ताडपत्री टाकली. कोणता आला ते सांगते, पण आज तुम्ही मधे बोलायचं नाही. पंधरा वर्षांत एकदाही मला वाक्य पुरं करू दिलं नाहीत तुम्ही. आज मी बोलणार आणि तुम्ही ऐकणार, आणि हे असं जमून आल्याचा मला काडीचाही आनंद नाही.

तुम्हाला जाऊन सव्वीस दिवस झाले. लोक म्हणतात, मंदाबाई, तुम्ही त्यांच्या जवळच्या, काहीतरी लिहून द्या. जन्म कुठला, शिक्षण किती, सत्कार कोणकोणते. दोनदा लिहायला बसले आणि दोनदा कागद चुरगळून फेकला. जन्मतारीख तर तुम्हालाच ठाऊक नव्हती. शाळेत मास्तरांनी अंदाजानं टाकली तीच खरी म्हणायचात. आणि सत्कार एकच झाला, त्यात मिळालेल्या शालीचे तुम्ही ब्रश पुसायला तुकडे केलेत. हे कसं छापायचं? म्हणून ते राहू दिलं आणि सरळ तुमच्याशीच बोलायला बसले.

तुम्ही पेंटर. नुसतं पेंटर म्हटलेलं तुम्हाला आवडायचं. कोणी आर्टिस्ट म्हटलं की मागं वळून पाहायचात, दुसरं कोणी उभं आहे का म्हणून. आधी वडशाकडच्या नाटक कंपन्यांचे पडदे रंगवलेत : राजवाडा, जंगल, तुरुंग आणि परत जंगल. मग कोळशाच्या खाणींपाशी, घुग्घुसला येऊन ट्रकांच्या नंबर प्लेटा, मागच्या फाळक्यांवरची लिंबं-मिरच्या, ड्रायव्हरांच्या लेकरांची नावं. आणि या दोन्हीच्या मधल्या काही वर्षांत, चंद्रपूरला आमच्या बाबांच्या प्रेसमधून, 'डोमा पोस्टमन' या चित्रकथेचे चौदा भाग.

डोमा! अहेरीकडच्या जंगलात सायकलवर टपाल वाटत फिरणारा काटकुळा माणूस. ज्याला वाचता येत नाही त्याला पत्र वाचून दाखवायचा आणि वाईट बातमी असली की वाचता वाचता अडखळायचा, खोकायचा, पाणी मागायचा. मोहफुलांच्या पार्सलाच्या वासानं अस्वल त्याच्या थैलीवर ठाण मांडून बसलं तो भाग मला आजही चौकटीनिशी पाठ आहे. तुम्हाला मी हे कधी सांगितलं नाही भाऊ, पण मी वाचायला शिकले ती डोमावर. शाळेत बाई फळ्यावर काय लिहायच्या ते मला कळायचं नाही. घरी येऊन छापखान्यात पडलेला डोमा उघडला की अक्षरं आपोआप बोलायला लागायची. एवढी मोठी गोष्ट मी पंधरा वर्षांत एकदाही तोंडानं बोलले नाही. भांडणं मात्र दर आठवड्याला केली.

आणि छपाई काय होती ती! बाबा न्यूजप्रिंटवर छापायचे, तोही वर्तमानपत्राच्या रिळांतून उरलेला. जुनं मशीन, चार रंग कधी एकमेकांवर नीट बसलेच नाहीत. लाल तर हमखास एक सूत खाली घसरायचा. त्यामुळे डोमाचे ओठ हनुवटीवर यायचे आणि ट्रकवाल्यांना वाटायचं, हा पान खातो. तुम्हाला ते कळलं तेव्हा तुम्ही चिडला नाहीत. सहाव्या भागात सरळ त्याच्या हातात पानाचा डबा दिलात. "लोकायले वाटते तं खाऊ दे बापा," म्हणालात. चुकीच्या छपाईनं एका माणसाला पानाचं व्यसन लावलं, असं जगात दुसरीकडे कुठं झालं असेल असं मला वाटत नाही.

एरवी दर आठवड्याला तुम्हीच प्रेसवर यायचात; दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा मी घुग्घुसला आले ती नाचतच. बाबांनी जपून ठेवलेला चौदा भागांचा संच माझ्याकडे होता, एकेक भाग प्लास्टिकच्या पिशवीत. तुमची मूळ चित्रं कधीच वाळवीनं खाल्ली होती, त्यामुळे हे छापील भागच स्कॅन करायचे, साफ करायचे आणि सगळा डोमा एका जाड पुस्तकात काढायचा, असं मी ठरवून टाकलं होतं. तुमच्या टिनाच्या दुकानासमोर गाडी उभी केली, तर आत दोन खांबांना तार बांधलेली आणि तिच्यावर, कपडे वाळत घालावेत तसे, डोमाचे भाग मधोमध उघडून टांगलेले. खाली बाकावर तीन ड्रायव्हर. प्लेटांवरचा रंग ओला होता, वाळेस्तोवर त्यांना निघता येत नव्हतं, म्हणून ते वाचत बसले होते. हा तुमच्या दुकानाचा रिवाजच होता, पेंट वाळेपर्यंत डोमा. आणि त्यांचे हात! कोळसा भरून आलेले, नखांपासून कोपरापर्यंत काळे. पान उलटलं की कोपऱ्यावर अंगठा उमटायचा.

माझं डोकंच फिरलं. "भाऊ, हे काय चालवलंय? खजिना आहे हा! माझ्याकडे पिशव्यांत जपून ठेवलाय मी."

तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मंग तुह्या पिशवीतला वाचते कोन?"

मी ऐकलं आणि सोडून दिलं. तुमचं तिरकं बोलणं नेहमीचंच, म्हटलं.

मग मी कागदाचे नमुने काढले. तिथून जी ठिणगी पडली ती तुम्ही जाईपर्यंत विझली नाही.

"हा कोनता हाय?"

"मॅपलिथो. पिवळसर, चकाकत नाही. जुन्या डोमासारखाच दिसेल. हातात घेतला की लोकांना तेच दिवस आठवतील."

"कोनत्या लोकायले?"

"वाचकांना. नागपूरला, पुण्याला कितीजण वाट बघताहेत, तुम्हाला कल्पना नाही."

तुम्ही हं केलंत आणि दुसरा नमुना उचललात. बोट फिरवलंत. उलटं करून पुन्हा फिरवलंत. "आन हा?"

"तो आर्ट पेपर. कॅलेंडरांना वापरतात, लग्नपत्रिकांना."

"हाच पाहिजे."

"भाऊ, डोमा काय नवरदेव आहे का?"

"हाच पाहिजे म्हनलं ना. तुह्या बापानं मले जिंदगीभर रद्दीवर छापलं. मी बोललो का कधी? आता एक डाव सांगून राह्यलो तं तुले काऊन एवढं झोंबून राह्यलं?"

बाबांचं नाव निघालं आणि माझी जीभ सुटली. म्हटलं, "बाबांनी छापलं म्हणून डोमा झाला. नाहीतर बसला असतात जन्मभर फाळक्यांवर लिंबू-मिरची काढत!" तुम्ही हातातल्या ब्रशाकडे पाहिलंत. समोरच्या फाळक्यावर लिंबू-मिरचीच चालली होती. तिन्ही ड्रायव्हर हसले, तुम्हीही पोट धरून हसलात. मी मात्र तोंड फुगवून गाडीत जाऊन बसले. तेव्हाच हसले असते तर किती बरं झालं असतं.

पुढचं दीड वर्ष तेच. मी चंद्रपूरहून यायची, साफ केलेली पानं दाखवायची, तुम्ही खूश व्हायचात. ओठ जागेवर बसवू का विचारलं तर म्हणालात, "नोको. मंग सहाव्या भागात डबा कुठून आला म्हनतीन लोकं." इतकं सगळं समजत होतं तुम्हाला. पण कागदाचा विषय निघाला की तुम्ही हट्टाला पेटायचात. चकाकताच पाहिजे. का पाहिजे ते सांगायचं नाही, आणि खरं सांगायचं तर मी विचारलंही नाही. मी माझ्या मनाशी उत्तर काढून मोकळी झाले होते : म्हाताऱ्याला मिरवायचंय. आयुष्यभर धुळीत बसलेल्या माणसाला एकदा झगमगाट हवाय. मला तुमची दया आली, भाऊ. आज हे लिहिताना लाज वाटते, पण दयाच आली. आणि तुम्हाला तुमच्याच हट्टातून वाचवायचं, असं मी ठरवलं.

आता जे सांगणार आहे ते तुमच्या समोर बसून सांगायचं होतं.

जुन्या छपाईत रंग म्हणजे बारीक ठिपके असतात. छापलेलं पान स्कॅन केलं की ते ठिपकेही येतात, आणि ते न काढता परत छापलं की ठिपक्यांवर ठिपके बसून चौकड्यांची जाळी दिसायला लागते. ही जाळी काढायला मी पानापानावर आठ महिने घातले होते. तुम्हाला शेवटचे दोन प्रूफ दाखवायला आणले ना, एक मॅपलिथोवर, एक आर्ट पेपरवर? मॅपलिथोवरचं पान साफ केलेलं होतं. आर्ट पेपरवरचं मी मुद्दाम साफ न केलेलं लावलं. कच्चं स्कॅन, जसंच्या तसं. आमचा मशीनवाला पुरुषोत्तम म्हणालाही, "बाई, ह्याची जाळी नाई काढली तुमी." मी म्हटलं, तू तुझं काम कर.

तुम्ही चष्मा वर करून ते पान डोळ्यांजवळ नेलंत. डोमाच्या चेहऱ्यावर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी लावल्यागत दिसत होतं. लांब धरलंत, पुन्हा जवळ आणलंत. मग म्हणालात, "ह्या कागदावर असंच दिसते का?"

मी म्हटलं, "असंच दिसतं."

दोन शब्द. एवढेच. तुम्हाला कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं, माझ्यावर विश्वास होता. "मंग राहू दे. तुहं खरं," म्हणालात आणि पान घडी न घालता, दोन्ही हातांनी, माझ्याकडे परत दिलंत. मी जिंकले. गाडीत बसल्यावर मला वाटलं होतं की आनंद होईल. तो काही झाला नाही, पण मी ते मनावर घेतलं नाही.

त्यानंतर चार दिवसांनी तुमचा फोन आला. "मंदा, कागदाचं म्हनजे असं हाय का..." इतकं म्हणालात आणि मी तोडलं. समोर गिऱ्हाईक बसलं होतं. "भाऊ, झालं ना आता ठरून? सोमवारी येते, मग बोलू." तुम्ही "बरं बरं" म्हणालात. सोमवार यायच्या आत वहिनींचा फोन आला. सकाळचा चहा तुमच्या हातात होता म्हणाल्या, आणि कप खाली ठेवायलाही वेळ मिळाला नाही.

तुमच्या तेरवीला मी आले. मांडव दुकानासमोरच घातला होता, ट्रक बाजूनं चालले होते, पंगतीच्या पत्रावळींवर काळी धूळ बसत होती आणि लोक फुंकर मारून जेवत होते. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, घुग्घुसचं मीठ हाय, वरून टाकाव लागत नाई. एक ड्रायव्हर, बिलासपूरकडचा, जेवण झाल्यावर वहिनींपुढे हात जोडून उभा राहिला. "भाभी, मेरा ग्यारवा भाग अधुरा रह्यला," म्हणाला. "डोमा नदी में गिरा था. बाद में क्या हुआ?" मराठी तो तुमच्याच तारेवर शिकला होता. वहिनी सुतकाचा चेहरा घेऊन बसल्या होत्या, त्या उठल्या, आत गेल्या आणि अकरावा भाग आणून त्याच्या हातात दिला. पाहुणे बघतच राहिले. तो मांडवाच्या खांबाला टेकून वाचायला लागला.

त्याचं झाल्यावर तो भाग मी हातात घेतला. आधी कधी घेतलाच नव्हता, लांबूनच नाक मुरडलं होतं. कोपरे डांबरासारखे काळे. पण डोमाचा चेहरा स्वच्छ होता. मी पान उजेडाकडे धरलं. चेहऱ्यावर जाड थर लागला हाताला. पोस्टर कलर. पुढच्या चौकटीत तेच, त्याच्या पुढच्या चौकटीत तेच. कुठं नाक थोडं वेगळं, कुठं मिशी नवी. ओठ मात्र प्रत्येक वेळी हनुवटीवरच ठेवलेले.

"वहिनी, हे काय?"

"काय हाय ना बाई," वहिनी म्हणाल्या, "ड्रायव्हर लोकं वाचताना तोंडावर बोट ठेवते. कोन बोलून राह्यला ते पाहाले. काळं बोट. महिन्याभरात डोमाचं थोबाडच दिसत नाई. पुसाले गेलं तं कागद खाते सारं काळं, आनखीच पसरते. मंग हे दर सोमवारी दुकान बंद ठेवून बसत, चौदाच्या चौदा भागाचे तोंडं नवे काढत. पंधरा वर्ष झाले असन. मी म्हनो, कायले मरता, तार काढून टाका. तं म्हनत, वाचू दे ना वो, वाचाले दुसरं हाय काय त्यायले."

त्या पुढे म्हणाल्या, "आता म्हनत होते, मंदा नवीन पुस्तक करून राह्यली, तिले म्हनतो गुळगुळीत कागद घे. फडकं मारलं का साफ. मंग माह्या मांगचं हे काम सुटलं. तुमाले नाई सांगतलं का?"

भाऊ, मला रडू आलं ते सगळ्यांसमोर. पत्रावळी उचलणाऱ्या बाया थांबल्या. वहिनींना वाटलं तुमच्या आठवणीनं रडते. तुमच्या आठवणीनं तर रडत होतेच, पण त्याहून जास्त त्या दोन शब्दांसाठी. असंच दिसतं. मिरवायचं नव्हतं तुम्हाला. पुण्यातल्या वाचकाला जुने दिवस आठवतील म्हणून मी भांडत होते, आणि तुम्ही समोर बाकावर बसलेल्या माणसाच्या काळ्या बोटासाठी भांडत होता. तुम्ही का सांगितलं नाहीत? सांगायलाच तर फोन केला होतात. आणि तरी मला तुमचाही राग येतो, स्पष्ट सांगते. दीड वर्ष होतं तुमच्याजवळ. एकदा तरी गचांडी धरून म्हणायचं होतं, मंदे, थांब, ऐकून घे! पण स्वतःचं काम सांगायची तुम्हाला भलतीच लाज. पंधरा वर्षं दर सोमवारी चेहरे काढलेत आणि मला मात्र सांगितलंत की सोमवारी मी झोपा काढतो.

जाऊ दे. मीही सोमवारी आले नाही कधी.

परत आल्यावर मी तीन दिवस मशीनजवळ फिरकले नाही. चौथ्या दिवशी पुरुषोत्तमला म्हटलं, आर्ट पेपरचं प्रूफ काढायचंय, साफ केलेल्या पानाचं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि प्लेट लावली. बरोबर जमायला दुपार गेली. ह्या कागदावर शाई आत मुरत नाही, वरच बसते, त्यामुळे मॅपलिथोसाठी धरलेले रंग इथं भडक झाले, खाकी तर पिवळी पडली. परत कॉम्प्युटरवर बसले, परत प्लेट. तिसऱ्या वेळी पान निघालं आणि पुरुषोत्तम म्हणाला, "बाई, हे तं भाऊनं पाहाले पाहिजे होतं."

हो रे बाबा. पाहायला पाहिजे होतं.

जंगलाचा हिरवा इतका गडद होता की मला वडशाचे ते पडदे आठवले, लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून पाहिलेले. हा हिरवा तुम्हीच लावला होतात मूळ चित्रात, बाबांच्या कागदानं तो गिळला होता. मी इतकी वर्षं ज्या फिकट डोमावर जीव टाकत होते तो तुम्ही काढलेलाच नव्हता. हे कळायला मला माझीच लबाडी उलटी करावी लागली.

ते पान घेऊन मी पुन्हा घुग्घुसला आले. एक शंका होती मनात, व्यवसायातली. आर्ट पेपर भिजला की पानं एकमेकांना चिकटतात, सुटत नाहीत. वहिनींना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पावसाचे चार महिने आतमंदी वाचतीन. हे काळं बारा महिने हाय." मग त्यांनी रस्त्याच्या कडेला उभ्या ट्रकच्या चाकावरून अंगठा फिरवला, आल्या, आणि डोमाच्या तोंडावर तो जोरात दाबला. चेहरा गायब. काळा अंगठा फक्त. वहिनींनी पदराचं टोक घेतलं आणि एकदा पुसलं. डोमा परत आला, नाकडोळ्यांसकट.

त्यांनी पुन्हा अंगठा लावला, पुन्हा पुसलं. चार वेळा केलं. पाचव्या वेळी त्यांचे डोळे भरून आले आणि त्या म्हणाल्या, "पाहा ना वो. एवढंच पाहिजे होतं त्यायले."

मी त्यांना तिथंच सगळं सांगितलं. जाळीचं, कच्च्या स्कॅनचं, असंच दिसतं म्हणाल्याचं. मला वाटलं बोलणं सोडतील. त्यांनी चहा टाकला. उकळी आल्यावर गाळला. मग म्हणाल्या, "त्या दिवशी घरी आले तं म्हने, मंदा म्हनते ते खरं असन, तिच्या बापाचा प्रेस हाय, तिले समजते. रागावले नोते." आणि कप पुढे करताना म्हणाल्या, "पन तुमी खोटं बोलाले नोको होतं, बाई." एवढंच. भाऊ, याच्यापेक्षा त्यांनी माझी खरडपट्टी काढली असती तर सोपं गेलं असतं. माफी तुमच्याकडे मागायची राहिली ती इथं मागते. मला माफ करा. तुमचं वय, तुमचा विश्वास आणि माझं कॉम्प्युटर, या तिन्हींचा मी फायदा घेतला.

एक चांगली बातमीही आहे. दुकान बंद होत नाही. नंबर प्लेटा आता सगळ्या मशीनवरच येतात, पेंटरची गरज नाही, हे तुम्ही असतानाच झालं होतं. वहिनींनी तिथं चहा सुरू केलाय. काट्यावर वजनासाठी ट्रकांची रांग लागते, ड्रायव्हर उतरून येतात. तार काढायची का विचारलं तर माझ्यावरच डोळे वटारले. "पेंट वाळेपर्यंत वाचत, आता चहा निवेपर्यंत वाचतीन," म्हणाल्या. तारेसाठी वेगळं बांधायचं ठरलंय, चौदा भाग चौदा पातळ वह्यांसारखे सुटे, म्हणजे एकाच वेळी चौदाजणांना वाचता येईल. ही युक्ती वहिनींची. पुरुषोत्तमनं त्यात भर घातली, म्हणाला वरून वार्निशचा हात मारू, म्हणजे रोज पुसलं तरी शाई निघणार नाही. तुमच्या पुस्तकावर आता तीन माणसं भांडतात भाऊ, आणि तिघंही एकमेकांचं ऐकून घेतात. तुम्हाला नवल वाटेल.

नागपूर-पुण्याच्या लोकांचं काय, असं तुम्ही विचारणार नाहीत, पण मी सांगते. त्यांनाही हाच कागद. एकानं फोनवर कुरकुर केली, जुन्याची मजा गेली म्हणाला. मी म्हटलं, चंद्रपूरला या, माझ्याकडे पिशवीत आहे मजा, हुंगून जा. तुम्ही असतात तर टाळी दिली असतीत.

तर, कागद आला तो आर्ट पेपर. सकाळी लिहायला बसले होते, आता दोन वाजले. पुरुषोत्तमनं ताडपत्री काढली आहे, पहिलं रिम फोडलं आहे. पहिल्या तावावर ते पान आहे जिथं मुद्रकाचं नाव, प्रकाशकाचं नाव वगैरे असतं. तिथं मी आज शेवटच्या घटकेला एक ओळ वाढवली आणि प्लेट नवी करायला लावली. 'या पुस्तकाचा कागद चित्रकाराने निवडला आहे.'

पुरुषोत्तम म्हणाला, "बाई, असं कोनी छापत नाई."

म्हटलं, आपण छापू.

मशीन सुरू झालं. सुरुवातीचे ताव रद्दीत जातात, रंग धरेपर्यंत, तुम्हाला माहीतच आहे. मग पुरुषोत्तमनं एक ताव काढून माझ्या हातात दिला, अजून ओला. दारातून ऊन येत होतं, तिथं नेऊन धरला. भाऊ, चकाकतो हो. डोळ्यांवर येतो. येऊ दे.